निरंक चालणार नाही

सुगराबी मुलाणीला आवाज ऐकून इंजनाचा रोग कळतो. कासुर्डीत तिच्या घरापुढं पत्र्याचं शेड आहे, तिथं गुऱ्हाळांची डिझेल इंजनं आणि उसाचे चरक दुरुस्तीला येतात. बासष्ट वर्षांची बाई, डोक्यावर पदर, हातात पाना. इंजन चालू करायला लावते, डोळे मिटून ऐकते आणि म्हणते, "नोझल गेलंय. रिंगा चांगल्या हायेत, उगं खोलू नका." तरी खोलून बघणारे शहाणे पुष्कळ झाले. सगळे फिरून तिच्याच दारात आले.

माहेर तिचं घोडनदीचं, म्हणजे शिरूर शहरातलं. लग्न करून कासुर्डीला आली तेव्हा नवरा, इमाम, गुऱ्हाळांवर फिरून इंजनं दुरुस्त करायचा. ही बसून कंटाळायची म्हणून त्याला पाने काढून द्यायला लागली. दोन वर्षांत तो हिला विचारायला लागला, "ऐक गं, कुठनं येतोय आवाज?" हे इमामनंच मला सांगितलेलं, हसत हसत.

आता मी कोण? मी रोहिदास, मांडवगण फराट्याचा. तेहेतीस वर्षं पोलिसात काढली, त्यातली शेवटची अकरा दौंड तालुक्यातल्या एका ठाण्यात गोपनीयला. ठाण्याचं नाव विचारू नका, सांगणार नाही. गोपनीय म्हणजे साध्या कपड्यातला हवालदार. गावोगाव फिरायचं, कुठं मोर्चा निघणार, कुठं भांडण पेटणार, कोण नवीन राहायला आलंय ते काढायचं आणि कागदावर लिहून वर पाठवायचं. साधे कपडे आपले म्हणायचे. माझी मोटरसायकल चौकात दिसली की टपरीवाला ओरडायचा, "गोपनीय आले रे, चहा टाका!" पण मी कामाचा माणूस होतो, उगाच नम्रपणा कशाला करू? दोन दंगली मी चहा पिता पिता होऊ दिल्या नाहीत. त्याची बातमी कधी आली नाही, कारण जे झालंच नाही त्याची बातमी येत नसते.

तर इमामच्या घरी मी जेवायचो. आमच्याकडं गुऱ्हाळावर काम करणारी बहुतेक माणसं उत्तर प्रदेशातली. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत रात्रंदिवस चुलवणापुढं उभी. त्यांना सुट्टी एकच, अमावास्येची. अमावास्येला इकडं चरक फिरवत नाहीत, मालक कितीही मोठा असो. मग त्या दिवशी पंधरा-वीस जण इमामच्या अंगणात जमायचे. सुगराबी मोठ्या पातेल्यात मटण शिजवायची, तेही भाजीपाला आणून चिरत बसायचे. कुणाला बँकेचा फॉर्म भरून हवा असायचा, कुणाला फोनवरून गावाकडं व्हिडिओ लावून हवा असायचा. सुगराबी मला आदल्या दिवशी फोन करायची, "भाऊ, उद्या अठरा ताटं हायेत, एकोणिसावं तुमचं." मी जायचो आणि पोटभर जेवून यायचो.

आता माझं पाप ऐका.

दर महिन्याच्या पंचवीस तारखेला वरून फोन यायचा, "तुमच्या हद्दीतून काय?" आपण म्हणावं, "साहेब, सगळं शांत, निरंक." निरंक म्हणजे कळवण्याजोगं काही नाही. दोनदा निरंक गेलं की साहेब पेटायचे. "निरंक चालणार नाही! अख्खा तालुका काय झोपलाय? का तुम्ही झोपलाय?" अहो, गाव शांत असणं हा काय हवालदाराचा गुन्हा झाला? पण सांगायचं कुणाला? सन सतराच्या डिसेंबरात असाच फोन आला. मी आदल्याच आठवड्यात इमामकडं जेवून आलेलो. बसलो कॉम्प्युटरपुढं आणि लिहिलं:

"विश्वसनीय सूत्रांकडून समजते की, कासुर्डी येथील इसम नामे इमाम मुलाणी याचे राहते घरी दर अमावास्येस पंधरा ते वीस परप्रांतीय इसम जमत असतात. चर्चेचा विषय समजू शकला नाही. हालचालींवर लक्ष ठेवणे उचित होईल."

शब्द न् शब्द खरा होता. चर्चेचा विषय समजला नव्हता कारण ती मंडळी उत्तर प्रदेशातल्या प्रतापगडकडची बोली बोलायची आणि माझं लक्ष मटणाच्या नळीवर होतं. पण खरं बोलूनही माणसाचा गळा कापता येतो, हे मला तेव्हा उमगलं नाही. उमगलं असेल, मी कानाडोळा केला असेल. साहेब खूश झाले. "हां, असं पाहिजे! दर महिन्याला फॉलोअप द्या."

मग काय, फॉलोअप. तीच फाईल उघडायची, महिना बदलायचा, छापायची, सही. दोन मिनिटांचं काम. इमामचं वाईट व्हावं असं एकदाही मनात आलं नाही, आईशप्पथ. त्याचं काही होईल असंच वाटलं नाही. कागद वर जातो, कपाटात बसतो, संपलं.

सन एकवीसच्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत इमाम गेला. माती द्यायला पाच माणसं होती आणि त्यातला मी एक. या हातांनी तीन मुठी माती टाकली. अमावास्येचं जेवण त्या दिवसापासून बंद झालं. पंचवीस तारखेला फोन आला. मी फाईल उघडली, महिना बदलला आणि सही केली.

का केलं? मला विचारू नका, मी स्वतःला रोज विचारतो. वरच्याला कळवायचं म्हणजे विषय बंद करायचा, विषय बंद केला की नवा विषय शोधायचा, नाहीतर निरंक. आळस, दुसरं काय? तेवीस साली मी रिटायर झालो, माझ्या जागी रविराज नावाचा तरुण अंमलदार आला. मी त्याला चार्ज दिला, त्यात ती फाईलही दिली. पोरगा आज्ञाधारक निघाला. महिना बदलत राहिला.

गेल्या जूनमध्ये सुगराबी माझ्या दारात आली. मांडवगणला येणं तिला सोपं नाही, भीमा ओलांडून दोन गाड्या बदलाव्या लागतात. बरोबर नात होती, सुहाना. मुलगा अजीम शिक्रापूरला कंपनीत कामाला आहे, तिथं खोलीत चार जणांत राहतो, म्हणून पोरगी लहानपणापासून आजीपाशी कासुर्डीत वाढलेली. पोरगी हुशार. रेल्वेची परीक्षा दिली आणि स्टेशन मास्तर म्हणून निवड झाली. कासुर्डीत पेढे वाटले होते, मलाही आले होते.

सुहानानं एक कागद माझ्या हातात दिला. रेल्वेचं पत्र. पोलीस पडताळणीचा अहवाल प्रतिकूल आल्यामुळं नेमणूक रोखून ठेवली आहे. निवड यादीची मुदत मार्चअखेरपर्यंत, तोवर अहवाल दुरुस्त होऊन आला नाही तर निवड रद्द.

"मामा, प्रतिकूल म्हणजे काय ते कुणीच सांगत न्हाई," सुहाना म्हणाली. "माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. गोपनीय हाय, देता येत न्हाई, असं उत्तर आलं."

"भाऊ, तुम्ही त्याच खात्यात होता," सुगराबी म्हणाली. "पोरीनं कधी कुणाच्या अरेला कारे केलं न्हाई. कुणी तरी खार खाऊन लिहिलंय बघा. तेवढं नाव काढा, बाकीचं मी बघते."

मला केवढं स्फुरण चढलं! म्हटलं, कोण तो हरामखोर? आत्ताच्या आत्ता बघतो. त्यांच्यासमोरच रविराजला फोन लावला आणि मोठ्या रुबाबात म्हणालो, "काय रे, पोरीच्या पडताळणीत काय शेण खाल्लंस?"

तो म्हणाला, "मामा, पोरीविरुद्ध काही नाही. पण पत्ता त्या घरचा ना. त्या घरावर जुना अहवाल चालू आहे." आणि त्यानं वाचून दाखवला. विश्वसनीय सूत्रांकडून समजते की.

माझेच शब्द माझ्या कानात शिरले. मी फोन कानाला घट्ट दाबला, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. सुगराबी माझ्या तोंडाकडं बघत होती. मी फोन ठेवला आणि म्हणालो, "बघतो भाभी. वेळ लागेल थोडा."

त्या गेल्या. मी आठ दिवस घरात घुसून बसलो. बायकोच्या, चांगुणाच्या, नजरेतून काही सुटत नाही. "तोंड का उतरलंय? कुणी मारलं का?" शेवटी नवव्या दिवशी तिला सगळं सांगितलं. वाटलं, रडेल, समजूत घालेल. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. "मला कशाला सांगताय?" म्हणाली. "मी काय रेल्वेची साहेब हाय? जिला सांगायचं तिला सांगा जाऊन."

गेलो. शेडमध्ये इंजन चालू होतं, धडधड. सुगराबीनं मला बघून ते बंद केलं. मी एका दमात बोललो, सतरा सालापासून परवाच्या महिन्यापर्यंत. इमामच्या मातीनंतरच्या सह्या पण सांगितल्या. सुहाना उंबऱ्यात उभी होती, ती आत निघून गेली.

सुगराबीनं फडक्याला हात पुसले. मग म्हणाली, "खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस म्हंजी कसा असतो ते ऐकून होते, आज बघितला. आन् मोजायचे तर मोजायचे, ते बी धड न्हाई मोजले तुम्ही."

मला राग आला. तुम्ही म्हणाल, तुला कसला राग? पण आला. मी म्हणालो, "भाभी, मी येऊन सांगितलं ना? न सांगता बसलो असतो तर तुम्हाला जन्मात कळलं नसतं."

"व्हय, ते खरं," ती शांतपणे म्हणाली. "मग आता हेच जिथं चालतं तिथं जाऊन सांगा. हितं माझ्यापुढं सांगून पोरीचं काय व्हणार?"

"तिथं सांगितलं तर माझ्यावर चौकशी लागेल. पेन्शन अडकेल."

"आन् न्हाई सांगितलं तर?"

मी मोटरसायकलला किक मारली. उत्तर दिलं असतं तर तिथंच लाज गेली असती.

पुढची मोहीम सगळी सुगराबीची. सरकारी ऑफिस ही बाई इंजनासारखं बघते. दर टेबलाशी एकच प्रश्न, "हितनं कागद पुढं कुठं जातो?" जिथं उत्तर अडलं तिथं ती बसून राहायची. ठाण्यातून तिला उपविभागात पाठवलं, तिथून जिल्ह्याला. जिल्ह्याच्या साहेबांनी सांगितलं, गोपनीय अहवाल कुणाला दाखवता येत नाही, दुरुस्तीचा अर्ज करायचा तर अहवालाची प्रत जोडा. आता बोला! न दाखवलेल्या कागदाची प्रत जोडा म्हणे. सुगराबीनं विचारलं, "तुमच्या ह्या कागदावर लक्ष कोण ठेवतं साहेब? सगळ्यांवर लक्ष ठेवायला तुम्ही हाय, तुमच्यावर कोण हाय?" साहेबांनी तिला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

पण सुहाना वाचणारी पोरगी. तिनं शोधून काढलं की पोलिसांविरुद्धची तक्रार ऐकायला पुण्यात एक प्राधिकरण आहे, आणि त्याला कागद मागवायचा हक्क आहे, गोपनीय असला तरी. सप्टेंबरात तक्रार टाकली. तारीख पडली एकवीस जानेवारी. माझं साक्षीदार म्हणून नाव सुहानानं मला विचारूनच घातलं. मी हो म्हणालो. मोठेपणा नाही सांगत, त्या आठ दिवसांपेक्षा चौकशी बरी, असं मला वाटायला लागलं होतं.

तारखेच्या आदल्या दिवशी रविराजचा फोन आला. वरचे साहेब म्हणतायत, म्हणाला, गोपनीय गोष्ट बाहेर बोललेली खात्याला चालत नाही, मामांनी विचार करावा. मी म्हणालो, "त्यांना सांग, तेहेतीस वर्षं मी खात्याचाच विचार केला. एक दिवस सुट्टी घेतोय."

पुण्याला साधीच खोली. मध्ये अध्यक्ष बाई, निवृत्त न्यायाधीश, दोन बाजूला दोन सदस्य. खात्याकडून एक अधिकारी बंद लिफाफा घेऊन आले. बाईंनी लिफाफा फोडला, सगळे कागद एकामागून एक वाचले. नव्वदच्या वर अहवाल. दहा मिनिटं नुसता कागदाचा आवाज. मग चष्मा काढून म्हणाल्या, "हे सगळे एकसारखे कसे काय? आणि हे विश्वसनीय सूत्र कोण?"

अधिकारी उठून उभे राहिले. "मॅडम, सूत्राचं नाव उघड केलं तर त्याच्या जिवाला धोका संभवतो. कायद्यानं आम्ही बांधील आहोत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठलो. "मॅडम, मी ह्या अहवालांचा लिहिणारा. सूत्र हितंच बसलंय." आणि सुगराबीकडं हात केला. "ही बाई मला दर महिन्याला फोन करून सांगायची, किती ताटं हायेत म्हणून. मला जेवायला बोलवायची. त्याच फोनवरनं मी आकडा लिहिला, पुढं नुसता महिना बदलत गेलो. दुसरं सूत्रबित्र काय बी न्हाई."

एक सदस्य हसले आणि लगेच खोकले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला सगळं विचारलं, अमावास्येपासून. मी सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, "हे तुमच्या वर कुणीच तपासलं नाही?"

"सह्या पाच जणांच्या हायेत मॅडम. वाचलेलं एकानं बी न्हाई. वाचलं असतं तर माणूस एवढी वर्षं एकच काम कसं करतोय, हे तरी विचारलं असतं."

मग सुगराबी उठली. पिशवीतून इमामचा मृत्यूचा दाखला काढला आणि टेबलावर ठेवला. बाईंनी तारीख बघितली, अहवालांवरच्या तारखा बघितल्या. त्या अधिकाऱ्यांनी मान खाली घातली, त्यांचीही काय चूक, ते परवा बदलून आलेले.

"तुमची मागणी काय आहे?" बाईंनी विचारलं.

"पोरीची नोकरी," सुगराबी म्हणाली. "आन् दुसरं. माझा माणूस गेला तवा मी चार महिने दहा दिवस घराच्या बाहेर पाऊल टाकलं न्हाई. त्याच चार महिन्यात सरकारनं त्याला चारदा जेवाय बसवलं. साहेब, आम्ही त्याला माती दिली. आता तुमच्या कागदात बी देऊन टाका."

मी पोलिसात असताना मेलेली माणसं खूप बघितली, डोळ्यात पाणी कधी आलं नाही. तिथं आलं, सगळ्यांसमोर आलं, आणि मी ते पुसलं नाही.

निकाल फेब्रुवारीत लागला. सगळे अहवाल रद्द, पंधरा दिवसांत नव्यानं पडताळणी, आणि जिल्ह्यात वर्षापेक्षा जास्त चालू असलेला प्रत्येक गोपनीय अहवाल वरिष्ठानं स्वतः जागेवर जाऊन तपासायचा. रविराज सांगत होता, पहिल्याच महिन्यात असे चाळीस विषय बंद झाले. त्यातली दोन माणसं गाव सोडून दहा वर्षं झाली होती. माझ्यावर चौकशीची नोटीस आली, अजून चालू आहे. होऊ दे. मी जे केलं त्याची चौकशी झालीच पाहिजे, आणि माझ्या वरच्या सह्यांचीही झाली पाहिजे, हे मी लेखी उत्तरात ठणकावून लिहिलंय.

नव्या पडताळणीचा फॉर्म आला. त्यात उमेदवाराला चांगलं ओळखणाऱ्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींची नावं द्यायची असतात. एक नाव हायस्कूलच्या बाईंचं होतं. दुसऱ्या नावासाठी रविराज मांडवगणला माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"मामा, दुसरं नाव तुमचं दिलंय."

माझा विश्वास बसेना. त्याच्यासमोरच सुगराबीला फोन लावला. म्हटलं, "भाभी, गावात सरपंच हाय, डॉक्टर हाय. माझं नाव कशाला घातलंत? माझ्या नावावर आता डाग हाय."

"सरपंचानं लिहिलं असतं चांगलं," ती म्हणाली. मागं इंजन चालू होतं, ती त्याच्यावरून मोठ्यानं बोलत होती. "पण खोटं तुम्ही लिहिलंत. ते दुसऱ्या कुणाच्या हातानं कसं खोडायचं, भाऊ? तुमच्याच हातानं खरं लिहा, म्हंजी पोरगी मोकळी आन् तुम्ही बी मोकळे."

फोन तिनंच ठेवला. मी रविराजला आत घेतलं, बसवलं आणि म्हणालो, "तुझं पेन ठेव खिशात. कागद इकडं दे." आणि लिहिलं, माझ्या हातानं, पूर्ण नाव-पत्त्यासकट: सुहाना अजीम मुलाणी हिला मी लहानपणापासून ओळखतो.